एकाच रायफलवर शिकार आणि मॅच दोन्ही करायचंय, झूम स्कोप कुठला घ्यावा?

तुम्ही विचारलंय की .३०८ ची बोल्ट ॲक्शन आहे, तिच्यावर आत्ता साधा ३-९x४० (झूम ३ ते ९ पट, समोरची काच ४० मिमी) बसवलाय, परमिटवर शिकार चालते ती बहुतेक झाडीत आणि दिवस मावळताना, शॉट ३० मीटरपासून फार तर २५० पर्यंत, आणि आता स्टीलच्या प्लेटवरच्या ८०० मीटरपर्यंतच्या मॅच सुरू करायच्यात, तर ओळखीचे सगळे ६-२४x५० घे म्हणतायत, घेऊ का? शिवाय एफएफपी की एसएफपी (रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या निशाणाच्या रेघा, झूमच्या भिंगांच्या पुढे की मागे), एमओए की मिल (कोन मोजायची दोन मापं). एकेक करून सांगतो, जरा लांबेल, पण स्कोप काय आपण दरवर्षी बदलत नाही.

आधी ६-२४ चं. नका घेऊ. २४ मध्ये काही खोट नाहीये, खोट त्या ६ मध्ये आहे. झूम स्कोप बघताना सगळ्यांची नजर मोठ्या आकड्यावर जाते, २४ की २५ की २७, छोटा आकडा कोणी धड वाचतच नाही. पण दोन्ही कामांना एकच स्कोप वापरायचा तर आधी छोटा आकडा ठरवायचा. मॅचमध्ये झूम कमी पडला तर एखादा पॉइंट जातो, शिकारीत झूम जास्त झाला तर शॉटच मिळत नाही, नाहीतर घाईत भलत्या जागी लागतो आणि मग टॉर्च घेऊन जखमी जनावराचा माग काढत बसा.

६x वर बहुतेक स्कोपमधून १०० मीटरवर ५-६ मीटर रुंदीचं दिसतं. म्हणजे ३० मीटरवर जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. एवढ्यात मोठं रानडुक्कर कसंबसं मावतं, ते पण शांत उभं असेल तर. चालतं असेल तर स्कोपमध्ये नुसते काळे केस दिसतात, खांदा कुठला नि पोट कुठलं कळत नाही, डोळा वर काढून परत शोधेपर्यंत ते पलीकडच्या झुडपात गेलेलं असतं. तेच ३x वर साडेतीन मीटर दिसतं, जनावर, त्याच्या पुढची मोकळी जागा, मागे दुसरं कोणी उभं आहे का, सगळं एका नजरेत. म्हणून माझं म्हणणं असं की खालचा आकडा ३ च्या आसपास असावा, ४ पर्यंत मी चालवून घेईन, ५ पासून सुरू होणारा स्कोप झाडीसाठी नाहीच. मोकळ्या माळावर किंवा डोंगरात लांबून शिकार करणारे ५-२५ आरामात वापरतात, पण तुमची शिकार तशी नाहीये.

आता वरचा आकडा. अमेरिकन आर्मीने १९८८ मध्ये एम२४ स्नायपर रायफल घेतली, कॅलिबर तुमचंच, ७.६२ नाटो, म्हणजे .३०८ चा सख्खा भाऊ, आणि तिच्यावर फिक्स १०x स्कोप होता, ८०० मीटरचं काम त्याच १०x वर व्हायचं. तुमच्या मॅचमध्ये ८०० मीटरवर माणसाच्या छातीएवढी किंवा त्याहून थोडी लहान प्लेट असते, ती १२x ते १५x वर छान दिसते. आणि दुपारी बारा-एकला जमीन तापली की तुमच्याकडे २५x असला तरी तुम्ही स्वतःच रिंग फिरवून १५ वर आणणार, कारण झूम वाढवला की टार्गेटबरोबर मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, पण तेवढाच मोठा होतो, प्लेट पाण्याखाली असल्यासारखी हलते आणि नेमकं कशावर धरायचं तेच कळत नाही. दुसरं म्हणजे खूप झूमवर आपलीच गोळी कुठे पडली ते दिसत नाही, रिकॉइलच्या धक्क्याने टार्गेट स्कोपच्या बाहेर गेलेलं असतं, प्लेटच्या डावीकडे धूळ उडाली की उजवीकडे हे कळलंच नाही तर दुसरा शॉट सुधारणार कसा? त्यामुळे ३-१५ किंवा ३-१८ या घरातला स्कोप, समोरची काच ४४ ते ५० मिमी, हे तुमचं उत्तर. खालचं सगळं याच घरातून कुठला निवडायचा यासाठी.

पण मॅच कुठली यावर पण बरंच आहे. तुम्ही स्टील म्हणालात, म्हणजे वेळ लावलेला, दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर प्लेट, कधी बाईपॉडवर (नळीखालच्या दोन पायांवर) कधी अडथळ्यावरून, पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) छापाचं, असं धरून मी सांगतोय. उद्या एफ-क्लासला वळलात तर गणित बदलतं. तिथे १००० यार्डाच्या टार्गेटवर दहाची रिंग एक एमओए आणि तिच्या आतली एक्स रिंग अर्धा एमओए, आडवं पडून कागदावर एक-एक पॉइंट गोळा करायचा, तिथे लोक १५-५५x५२ सारखे आणि १/८ एमओए क्लिकचे (नॉबच्या एका टिचकीला तेवढंच सरकणारे) स्कोप लावतात आणि ते बरोबरच आहे. एफ-टीआरमध्ये, म्हणजे एफ-क्लासच्याच एका गटात, .३०८ चालते पण स्कोप-बाईपॉड धरून ८.२५ किलोची मर्यादा असते, आणि तसली रायफल घेऊन कोणी झाडीत शिकारीला जात नाही, तिथे स्कोप वेगळा आणि रायफल पण वेगळीच म्हणा. उलट मेटॅलिक सिल्हूट खेळलात, म्हणजे २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा, सगळं उभं राहून, बिनआधाराचं, तर शिकारीची रायफल जवळजवळ आहे तशीच चालते, आणि तिथे जास्त झूम म्हणजे आपल्याच हाताची थरथर मोठी करून बघणं. ऑलिम्पिकच्या रायफल इव्हेंटला स्कोप चालतच नाही, तिथे पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून बघायचं निशाण, तो विषयच वेगळा.

एफएफपी की एसएफपी. इथे जरा थांबतो कारण इथेच लोक अडकतात. एफएफपीमध्ये रेटिकल झूमच्या भिंगांच्या पुढे बसवलेलं असतं, त्यामुळे झूम वाढवला की टार्गेटबरोबर रेटिकल पण मोठं होतं आणि त्याच्यावरची एक मिलची खूण ३x वर पण एक मिल, १५x वर पण एक मिलच. एसएफपीमध्ये रेटिकल झूमच्या मागे, ते डोळ्याला कायम सारखंच दिसतं, पण खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. समजा एसएफपी ६-२४ आहे, खुणा २४x वर खऱ्या, मिराज आला म्हणून तुम्ही १२x वर आलात आणि सवयीने वाऱ्यासाठी अर्धा मिल धरलात, तर प्रत्यक्षात एक मिल धरला गेला. ६०० मीटरवर ती अर्ध्या मिलची चूक म्हणजे ३० सेंमी, प्लेटच्या बाहेर. डोक्यात गुणाकार करता येतो हो, पण घड्याळ चालू असताना, श्वास चढलेला असताना नाही जमत, भल्याभल्यांना नाही जमत.

मग सरळ एफएफपी घ्या म्हणायला पाहिजे, आणि मी म्हणतोच, पण एक अट आहे. एफएफपीचं रेटिकल ३x वर बारीक होतं, कोळ्याच्या जाळ्याइतकं, आणि संधिप्रकाशात काळ्या जनावरावर ते दिसतच नाही. म्हणून दोन गोष्टी बघूनच घ्या. एक, रेटिकलचे बाहेरचे दांडे जाड असावेत, म्हणजे ३x वर बारीक खुणा दिसल्या नाहीत तरी चार जाड दांडे नजरेला मधोमध नेतात. दुसरं, मधल्या भागाला लाइट असावा, आणि तो खूप मंद करता आला पाहिजे. दिवसा झगझगीत दिसणारा लाइट दाखवून स्कोप विकतात, आपल्याला उपयोग अंधार पडताना, तेव्हा सगळ्यात खालच्या सेटिंगलाही डोळ्यावर आला तर काय कामाचा. घ्यायच्या आधी संध्याकाळी बाहेर नेऊन ३x वर झाडाच्या काळ्या बुंध्यावर धरून बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप छान दिसतात. ख्रिसमस ट्रीसारखी खाली पसरलेली ठिपक्यांची गर्दी असलेलं रेटिकल मॅचवाल्यांना आवडतं, मला शिकारीच्या रायफलवर ते नको वाटतं, जनावर त्या ठिपक्यांत हरवतं, पण हा आवडीचा भाग झाला.

एसएफपीबद्दल अजून एक, हे फारसं कोणी सांगत नाही. एसएफपीमध्ये झूम बदलला की गोळी लागायची जागा थोडी सरकू शकते, कारण झूमची भिंगं जी हलतात ती रेटिकलच्या पुढे आहेत, त्यांच्यात जरा ढिलाई असेल तर चित्र रेटिकलच्या मानाने सरकतं. चांगल्या स्कोपमध्ये हे नगण्य असतं, स्वस्तातल्यात दिसून येतं. तुमच्या आत्ताच्या ३-९ वर बघा करून, ९x वर तीन गोळ्या, ३x वर तीन, पुन्हा ९x वर तीन. एफएफपीत हा प्रश्न मुळातच येत नाही.

एमओए की मिल यावर तासभर वाद घालता येतो पण गरज नाही. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी, ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे १ सेंमी. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंमी, पाव एमओएची क्लिक साधारण ७ मिमी. तुम्ही मीटरमध्ये विचार करता, मॅचमध्ये शेजारचा माणूस वारा सांगणार तो बहुतेक मिलमध्ये सांगणार, तर मिल घ्या आणि विसरून जा. फक्त रेटिकल आणि टरेट (निशाण वरखाली किंवा बाजूला सरकवायचं नॉब) दोन्ही एकाच मापाचे असले पाहिजेत. जुन्या स्कोपमध्ये मिल-डॉट रेटिकल आणि वर एमओएचा टरेट अशी जोडी यायची, १ मिल म्हणजे ३.४४ एमओए, प्रत्येक शॉटला गुणत बसा. तसला सेकंडहँडमध्ये कितीही चांगला मिळाला तरी सोडा.

काचेबद्दल लोक फार बोलतात, ९५ टक्के लाइट ट्रान्समिशन वगैरे. दोन-तीन टक्क्यांचा फरक डोळ्याला कळत नाही. कळतो तो एक्झिट प्युपिल, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी, आणि तो साधा भागाकार आहे, समोरच्या काचेचा व्यास भागिले झूम. ५० मिमीची काच २४x वर २ मिमी देते, अंधारात डोळ्याची बाहुली ५ ते ७ मिमी उघडलेली, म्हणजे चित्र काळवंडणार आणि डोकं केसभर हललं की काळी कड येणार. तेच ४४ मिमीचा स्कोप ६x वर ७ मिमीच्या वर देतो. म्हणजे संध्याकाळी उजेड हवा तर मोठी काच घेण्याआधी झूम खाली आणा, फुकटात काम होतं. ५६ मिमीची काच घेतली की माउंट उंच करावा लागतो, गाल स्टॉकवरून सुटतो, मग चीक रायझर (गाल टेकवायची उंच गादी) लावा, हे एकातून एक निघत जातं. काचेत खरं बघायचं असेल तर मावळत्या सूर्याच्या जवळपासच्या दिशेला, थेट सूर्याकडे अजिबात नाही, सावलीतल्या झुडपावर धरून बघा. हलक्या प्रतीच्या स्कोपमध्ये सगळं चित्र दुधाळ होतं, चांगल्यात सावलीतली पानं वेगळी दिसतात, आणि शिकार नेमकी त्याच वेळी नि त्याच जागी असते.

आता टरेट, म्हणजे मॅचसाठीचा जीव. ८०० मीटरला .३०८ ला साधारण ९ ते १० मिल वर चढवावे लागतात, बुलेट, वेग नि हवेप्रमाणे थोडं मागेपुढे. शिकारीच्या स्कोपची १ इंची ट्यूब असते, तिच्यात एकूण ५०-६० एमओएचा प्रवास, झीरो, म्हणजे निशाण आणि गोळी जुळते ती जागा, मधोमध बसला तर वर उरले २५-३०, म्हणजे ७ ते ९ मिल. थोडक्यात संपलं, तिथेच टरेट अडकतो. म्हणून ३० किंवा ३४ मिमीची ट्यूब आणि खाली २० एमओएची उतरती रेल (स्कोप ज्यावर बसतो ती पट्टी), ती एकटी तुम्हाला ५.८ मिल मिळवून देते. जाड ट्यूबने जास्त उजेड येतो ही निव्वळ अफवा आहे, जागा मिळते ती आतल्या भिंगांना वरखाली व्हायला. झीरो स्टॉप, म्हणजे टरेटला झीरोपाशी थांबवणारा अडथळा, पाहिजेच. मॅचमध्ये टरेट ८ मिलवर फिरवून ठेवला, घाईत परत आणताना एक आख्खा फेरा चुकला तर पुढचा शॉट थेट डोंगरात. आणि शिकारीसाठी वरचा टरेट लॉक होणारा असावा, झुडपातून जाताना, गाडीच्या सीटला घासून फिरतो तो. बाजूचा वाऱ्याचा टरेट मी झाकणाखालीच ठेवतो, वारा रेटिकलवर धरायचा, फिरवायचा नाही.

क्लिक खऱ्या आहेत का हे मात्र स्वतः तपासा, कंपनी कुठलीही असो. १०० मीटर टेपने मोजा, पावलं नकोत आणि रेंजफाइंडरही नको, कारण २ मीटरची चूक म्हणजे मापात २ टक्क्यांची चूक आणि आपण शोधतोय तेवढीच चूक. सव्वा-दीड मीटर उंच पुठ्ठा उभा करा, ओळंबा सोडून त्याच्यावर उभी रेघ मारा, खाली एक ठिपका. झीरोवर तीन गोळ्या, मग १० मिल वर चढवून त्याच खालच्या ठिपक्यावर धरून तीन गोळ्या. दोन्ही गटांच्या मध्यात बरोबर १०० सेंमी अंतर यायला पाहिजे. ९८ आलं तर स्कोप २ टक्के कमी चालतो, टाकून द्यायची गरज नाही, बॅलिस्टिक ॲपमध्ये करेक्शनला जागा असते तिथे भरा. वरच्या गोळ्या रेघ सोडून एका बाजूला गेल्या तर स्कोप तिरका बसलाय. मग झीरोवर परत आणून अजून तीन, त्या पहिल्या तिनांवर पडल्या पाहिजेत. या शेवटच्या परीक्षेत जो नापास होतो तो परत करा, त्याला ॲपमध्ये काही औषध नाही.

तिरका म्हणजे किती ते सांगतो, कारण लोक ३ अंश काय म्हणून सोडून देतात. ९ मिल चढवलेत आणि रायफल ३ अंश कललीय, तर गोळी जवळजवळ अर्धा मिल बाजूला जाते, ८०० मीटरवर ते ३५-४० सेंमी. तुम्ही म्हणणार वारा होता. २०० मीटरवरच्या शिकारीत तेच सेंटीमीटरभर सुद्धा नसतं, म्हणून शिकाऱ्यांना आयुष्यभर याचा पत्ता लागत नाही. स्कोप बसवताना ओळंब्याच्या दोरीवर रेटिकल जुळवा आणि ट्यूबवर एक लहान बबल लेव्हल लावा. स्कोप धरणाऱ्या रिंगच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, तुमच्या रिंगच्या कागदावर असेल तेवढंच, टॉर्क रेंचने. हाताच्या अंदाजाने आवळून ट्यूब दाबली गेलेले स्कोप मी बरेच बघितलेत, झूमची रिंग जड फिरायला लागते, मग स्कोप खराब निघाला म्हणतात.

पॅरालॅक्सचं (डोकं हललं की रेटिकल टार्गेटवर सरकल्यासारखं दिसतं त्याचं) नॉब बाजूला असावं, ते फिरवून टार्गेट स्वच्छ करायचं, मग डोकं किंचित वरखाली करून रेटिकल टार्गेटवर सरकत नाही ना बघायचं, नॉबवरच्या आकड्यांवर फार विश्वास नको. शिकारीला १५० वर ठेवून द्या, झाडीत नॉब फिरवायला कोणाला वेळ आहे. आणि आयपीसचा (डोळ्याकडच्या काचेचा) फोकस आधी स्वच्छ आकाशाकडे बघून रेटिकल एका झटक्यात ठळक दिसेल असा लावा, टक लावून बघत बसलात तर डोळाच जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं.

वजन. हे कागदावर कोणी बघत नाही आणि चढणीवर सगळ्यांना आठवतं. तुमचा ३-९ चारशे ग्रॅमच्या आतबाहेर असेल. व्होर्टेक्सचा रेझर एचडी जेन टू ४.५-२७x५६ काचेला नि टरेटला उत्तम, मॅचमध्ये खूप दिसतो, पण १.३७ किलोचा आहे, रिंग वेगळ्या. त्याच्या उलट ल्युपोल्डचा मार्क ५ एचडी ३.६-१८x४४ साधारण साडेसातशे ग्रॅमचा, तुमच्या कामाच्या अगदी जवळचा, फक्त त्याची ट्यूब ३५ मिमी आहे, रिंग त्याच मापाच्या शोधाव्या लागतात. हाच घ्या असं नाही, दोन टोकं दाखवली. ८०० ग्रॅमच्या आत राहा एवढंच, त्याच्या वर गेलात की रायफल वरच्या बाजूने जड होते आणि उभ्याने धरताना एका कुशीला कलायला बघते. आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागच्या काचेतलं अंतर, ९० मिमीच्या खाली नको, तोही सगळ्यात वरच्या झूमवर मोजलेला, झाडाला टेकून वाकडंतिकडं बसून मारताना डोळा पुढे जातो आणि स्कोप आपटून भुवईवर चंद्रकोर उमटते.

पैसे मर्यादित असतील तर काय सोडायचं? वरचा झूम सोडा, १५ ऐवजी १२ चालेल. काचेत थोडं सोडा. क्लिकच्या खरेपणात आणि झीरोवर परत येण्यात काही सोडू नका. आणि स्कोपवर सगळं घालवून रिंग-रेल स्वस्तातली घेऊ नका.

तुमचा जुना ३-९ विकू नका, त्याचे फार येणार नाहीत. .२२ असेल तर तिच्यावर बसवा आणि ५० मीटरवर सराव करा. तसल्या स्कोपचा पॅरालॅक्स बहुतेक १०० यार्डाला फिक्स केलेला असतो, त्यामुळे ५० मीटरवर डोळा पार कडेला गेला तर जास्तीत जास्त ९ मिमीची चूक येते, गाल दर वेळी एकाच जागी टेकवलात तर तेवढीही येत नाही.